मामाला दारात यायची मनाई

घरी काय, हॉस्पिटलच्या धुलाईघरात काय, सगळे तिला बारकीच म्हणत. अंगाने काडी, पण ओल्या चादरींचा ढीग एकटी उपसायची. दाराकडे पाठ करून मात्र ती कधी उभी राहायची नाही. सख्ख्या मामाने मुलं सांभाळायचं काम लावून देतो म्हणून तिला परगावी नेलं होतं आणि कुंटणखान्यात विकलं होतं. पोलिसांच्या धाडीत ती सुटली. पुढे मामा जामिनावर बाहेर आला, तेव्हा कोर्टाने तिच्या संरक्षणाचा आदेश काढला. मामाने तिच्या घराकडे, कामाकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाकरवी निरोपही धाडायचा नाही.

"कागदाने कुठे भाऊ तुटतो का गं?" आई कोर्टाच्या आवारातच रडायला लागली.

एका दुपारी पाळी संपवून बारकी घरचा जिना चढत होती. दार नुसतं लोटलेलं. आतून कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं तिने हजारांत ओळखलं असतं.

आई दारात आली. "ये आत. माफी मागायला आलाय बिचारा. तू साक्ष फिरवलीस की मिटलं सगळं."

"बारके, मामाला कुणी भितं होय?" आतून गोड आवाज आला. खुर्ची सरकली.

बारकी जिना कशी उतरली, तिचं तिला कळलं नाही. खालच्या शिंपीणकाकूंच्या दुकानात शिरून तिने आतून शटर ओढलं. पोलिसांना फोन लावता लावता "मामा वर आलाय" एवढंच तिने काकूंना सांगितलं. काकूंनी फोन हिसकावला. "अहो, कोर्टाने मनाई केलेला माणूस घरात येऊन बसलाय. लवकर या!"

बाहेर पावलं थांबली. शटरवर बोटं वाजली, अगदी हळू.

"उघड गं. एवढं काय त्यात?"

काकूंनी कात्री उचलली. बारकीला मागे सारून त्या शटरसमोर उभ्या राहिल्या.

पोलीस आले तेव्हा मामा पायरीवर हसत बसला होता. "घरगुती मामला आहे, साहेब."

"ते आता कोर्टाला सांगा," हवालदार म्हणाला आणि त्याने मामाला गाडीत बसवलं.

मामाचा जामीन रद्द झाला. बारकी एका संस्थेच्या वसतिगृहात राहायला गेली. आईची फार आठवण आली की ती काकूंच्या दुकानात फोन लावते आणि काकू आईला बोलायला खाली बोलावतात. नव्या जागेचा पत्ता मात्र आईला अजून सांगितलेला नाही.