नाव घेतल्याशिवाय बॅटिंग नाही

आमच्या वाडीतल्या मॅचमध्ये मी बावीस वर्षं चुकीच्या बाजूने खेळतोय, असं माझ्या वहिनीचं म्हणणं होतं. ही मॅच नाताळच्या दुसऱ्या दिवशी होते, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि बिनलग्नाच्यांचा कॅप्टन आहे. ह्याला मान म्हणायचं की नामुष्की, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दिवाळीला का नाही, मे महिन्यात का नाही, असं मुंबईकर दर वर्षी विचारतात. अरे बाबांनो, दिवाळीला भात कापायचं असतं आणि मे महिन्यात आंबे-काजू. नाताळला शाळा बंद असतात, वाडीतल्या ख्रिश्चन घरांतली गोव्याला नोकरी करणारी माणसं घरी आलेली असतात आणि मळा मोकळा असतो. बाकीच्या शेतांत तोवर कुळीथ पेरून झालेला असतो, पण मधल्या एका मोठ्या कुणग्याला, म्हणजे भातशेताच्या तुकड्याला, मॅच होईपर्यंत नांगर लागत नाही. त्या कुणग्याचा मालक दर वर्षी कुरकुरतो, आणि दर वर्षी स्वतःच चोपणं घेऊन पीच चोपायला येतो.

नियम दोनच. लग्न झालं की बाजू बदलायची. आणि लग्नवाल्याने बॅटिंगला जाताना बायकोच्या हातून बॅट घ्यायची, क्रीजवर उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं उखाण्यात तिचं नाव घ्यायचं. नाव नाही घेतलं तर एकही बॉल न खेळता आउट. गंमत नव्हे, खरंच आउट देतात. एका नव्या नवऱ्याला लाजेने तोंड फुटेना, तर त्याला तसाच माघारी धाडला, आणि त्याच्या बायकोने आठवडाभर अबोला धरला. लग्नवाल्यांचे कॅप्टन आमच्या शेजारचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेत, दर रविवारी चर्चमध्ये जातात, आणि बायकोचं नाव नाताळच्या गोडाधोडात, दोदोलात आणि नेवऱ्यांत, घोळवून घेतात.

माझा दादा लग्न करून त्या बाजूला गेला, त्याच वर्षी मला पहिला बॉल टाकायला मिळाला. तेव्हापासून ओपनिंगला दादा आणि समोर मी. वहिनी बांधावरच्या काजूखाली बसायची, दादाच्या हातात बॅट द्यायची, आणि दादा क्रीजवर येऊन छाती काढून म्हणायचा,

"पेजेक लोणचां, तोंडाक चव,
अमकीचां नाव घेतंय, बॉल टाक रे भाव!"

अमकीच्या जागी वहिनीचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, ते घ्यायचा हक्क त्याचा. भाव म्हणजे मी. बावीस वर्षं हाच उखाणा. वहिनी तिकडून ओरडायची, "मेलो ह्योच उखाणो! दुसरो शिका ओ कायतरी!" आणि माझा पहिला बॉल हमखास वाइड जायचा. का ते देवाला ठाऊक. मग तिचा मोर्चा माझ्याकडे वळायचा. "भावजीनू, सरळ टाकूक कधी शिकतल्यात?" अख्खा मळा हसायचा. हे वाक्य ऐकल्याशिवाय आमची मॅच सुरू झाली असं कोणाला वाटतच नसे.

माझ्यासाठी स्थळंही तीच आणायची. मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे आजकालच्या बाजारात उठून दिसणारा नवरा. पण माझं तोंड वाईट. एका मुलीचा मामा म्हणाला, "तुमचं घर जरा आत पडतं." मी म्हटलं, "मग भायरच ऱ्हवा." वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. पाहुणे गेल्यावर ती माझ्यावर खेकसली, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत बसली.

गेल्या जुलैत वहिनी गेली. चार दिवसांचा ताप, बस. पुतणी नर्सिंगच्या शिक्षणासाठी गोव्याला, म्हणजे घरात राहिलो आम्ही दोघे पुरुष. दादा शेतात जायचा, यायचा, ताटात पडेल ते गिळायचा. माझ्या हातची आमटी गिळायची म्हणजे खायचं काम नाही, पण त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची. कुठल्याही गोष्टीला एकच उत्तर, "बरां". जेवायला ये. बरां. छत्री घे. बरां. वहिनीचं नाव तर घरात कोणी उच्चारलंच नाही. 'ती' म्हणायचो, 'तिची साडी' म्हणायचो. पाच महिने असे गेले, आणि माझा हा उभाआडवा दादा माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला. मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी मी बाजारातून आलो, तर दादा खळ्यात उन्हात बसलेला. दाराआडची बॅट काढून तिला खोबरेल चोळत होता. पिशवी घेऊन मागल्या दाराने आत गेलो आणि देवासमोर हात जोडले. आता मॅच होऊ दे, हा बॅट घेऊन उभा राहू दे, म्हणजे हा वाचला, एवढंच मला वाटत होतं.

आणि त्या गोष्टीवर बोळा फिरवला कोणी? मीच.

मॅचच्या आधी मास्तरांच्या पडवीत यादी होते. हल्ली मुलांना मुली मिळत नाहीत, त्यामुळे बिनलग्नाचे आम्ही एकोणीस जण आणि लग्नवाले जेमतेम दहा. दादाच्या नावाशी आल्यावर लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्यो आता खंयच्या बाजूक?" लग्नवाल्यांत घालावा तर बॅट कोण देणार, नाव कसं घ्यायला लावणार? आणि बिनलग्नाच्यांत घालायचा म्हणजे काय, जीभ तरी रेटेल का कोणाची? वीस वर्षं मी फायली हाताळतोय. कुठल्याच खात्यात न बसणारं प्रकरण कसं निकाली काढायचं, हे मला झोपेतही येतं. मी म्हटलं, "त्येका अंपायर करूया. मान पण ऱ्हवता आणि अडचण पण नाय."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. वा, काय डोकं! एकटे मास्तर म्हणाले, "त्याका इचारलंस?" मी डोळे वटारले. माझ्या भावाचं मला हे सांगणार!

घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरां." आणि बॅट उचलून परत दाराआड ठेवली.

मी इतका मठ्ठ, की त्याने आनंदाने मान्य केलं असं धरून चाललो. चोवीस तारखेला पुतणी आली. तिने दाराआडची तेल लावलेली बॅट पाहिली, यादीचं काय झालं ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझी वहिनीच आठवली.

"काका, आई गेली म्हणान बाबांचां लगीन पण गेलां?"

मी तिच्यावर ओरडलो. तुका काय कळता, नियम म्हणजे नियम, वगैरे वगैरे. पण ओरडतानाच मला कळत होतं, तिचं बरोबर आहे. बाजूला काढून ठेवला होता मी त्याला. पांढरी टोपी घालून, मानाने, खेळाच्या बाहेर.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. चूक झाली की चांगला मासा आणायचा. मी मोठी सुरमई आणली. दादा जेवला आणि म्हणाला, "बरां."

नाताळच्या दिवशी मास्तरांकडे फराळाला गेलो, तर नेवरी तशीच ताटलीत ठेवली. मनातलं सगळं ओकलो त्यांच्यापुढे. मास्तर म्हणाले, "चुकी चार माणसांत केलंस, ती चार माणसांतच निस्तर." एवढंच बोलून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. शिक्षक माणूस, उत्तर सांगत नाही.

मॅचच्या दिवशी मळा भरला होता. दादा पांढरी टोपी घालून, खिशात बॉल मोजायचे सहा खडे घेऊन स्टंपांमागे उभा राहिला. गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरांचे हातपाय शाबूत ऱ्हवांदे, बॉल बावीच्या पाण्यात जाव नको!" सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" मास्तरांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर. दादाचे ओठसुद्धा हलले नाहीत.

वयाचा मान म्हणून लग्नवाल्यांची बॅटिंग आधी असते. त्यांचा नवा ओपनर येऊन उभा राहिला, त्याने बायकोचं नावही घेतलं. मी बॉल हातात घेतला, धाव घेतली आणि दादाच्या शेजारी येऊन थांबलो. परत गेलो, परत धावलो, परत थांबलो. पोरं ओरडायला लागली.

"मी बॉल टाकूचंय नाय," मी म्हटलं.

"कित्या?" दादा.

"पयलो बॉल मी तुकाच टाकतंय. बावीस वर्षां."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "माका खंय बाजू आसा रे? तूच सांगलंस ना."

"माका अक्कल नाय म्हणान सांगलंय!" मी इतका ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. "फायली वाचून वाचून माझ्या डोक्याची फाईल झाली. सगळ्यांदेखत सांगतंय, माझां चुकलां. तुझी बाजू ती आसा. आधी होती, आजपण आसा. जा बॅट घे. नायतर ही मॅच बंद, आणि ह्या जन्मात मी बॉल हातात घेवचंय नाय!"

माफी मागताना धमकी देणारा माझ्यासारखा मीच. पण मला दुसरं काही येत नव्हतं. नव्या ओपनरने आपला स्टान्स सोडला आणि समोरच्या टोकाच्या गड्याला बाहेर पाठवून तो तिथे जाऊन उभा राहिला.

दादाने टोपी काढली, खिशातले खडे काढून माझ्या हातात दिले आणि बांधाकडे चालू लागला. काजूच्या बुंध्याला बॅट टेकवून ठेवलेली होती. पुतणीने सकाळीच आणून ठेवली होती, कोणाला न सांगता. ती बाजूलाच उभी होती, पण बॅट उचलून द्यायला पुढे झाली नाही. तो हात दुसऱ्याचा होता, हे तिला कळत होतं. दादा वहिनीच्या जागेपुढे थोडा थांबला, वाकला, बॅट घेतली आणि आला.

तो क्रीजवर उभा राहिला आणि आम्हां सगळ्यांच्या लक्षात आलं, आता उखाणा. त्याची आठवण द्यायची कोणाची हिंमत होईना. मास्तर म्हणाले, "ऱ्हवांदे रे आज. बॉल टाक, सुरू कर."

दादाने हात वर केला. "नियम म्हणजे नियम."

त्याने घसा खाकरला. "पेजेक लोणचां," तो म्हणाला आणि थांबला. "तोंडाक चव." परत थांबला. आणि मग काजूकडे तोंड करून त्याने वहिनीचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्याने, पार मळ्याच्या टोकापर्यंत जाईल असं. पाच महिने आमच्या घरात कोणी न उच्चारलेलं ते नाव मी उघड्यावर ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं.

"...चां नाव घेतंय," तो माझ्याकडे वळला, "बॉल टाक रे भाव!"

टाकला. समोरचं काही दिसत नव्हतं तरी टाकला. बॉल स्टंपांपासून हातभर बाहेरून थेट कुंपणाकडे गेला. अंपायरच्या जागी आता कोणीच नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा दादानेच, हातात बॅट तशीच धरून, दोन्ही हात फैलावले. वाइड. लग्नवाल्यांची पहिली धाव.

आणि मग माझ्या दादाने, जुलैपासून त्या दिवसापर्यंत 'बरां'पलीकडे शब्द न बोललेल्या माझ्या दादाने, बॅट माझ्याकडे रोखली आणि तिच्याच सुरात, तिच्याच ठसक्यात, मळ्यातल्या शेवटच्या म्हातारीला ऐकू जाईल असं विचारलं,

"भावजीनू, सरळ टाकूक कधी शिकतल्यात?"