वणवा नाही, मीच पळतेय

आमच्या वाडीत मोठं माणूस पळताना दिसलं, की त्यामागं काहीतरी कारण असतं. एसटी निघालेली असते, नाहीतर म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरलेली असते, नाहीतर डोंगराला वणवा लागलेला असतो. उगीच म्हणून कुणी पळत नाही. मला हे काय ठाऊक नव्हतं? जन्म गेला हितं. पण बासष्टाव्या वर्षी मी स्वतः पळायला निघाले, तेव्हा नेमकं तेच ध्यानात राहिलं नाही.

निमित्त साखरेचं. रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज चालत जा." मला हसूच आलं. माझं माहेर हिर्डोशीचं, सासर पासलीकडचं, दोन्हीकडं नुसता डोंगर. चालण्याशिवाय मी आयुष्यात दुसरं केलंय काय? तशी डॉक्टरांची चूक नाही, त्यांना पेशंटची माहेरं कुठून माहीत असणार.

पण मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं बजावलं, "आई, तीन महिने बघतो. साखर उतरली नाही तर तुला घेऊन जाणार. म्हैस विकून टाकू."

मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. ती मला कुठल्या कामाला हात लावू देत नाही, तोच त्रास. त्यांच्याकडं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. चार दिवस राहिले होते, चौथ्या दिवशी लिफ्टमधल्या आरशाशी बोलायची वेळ आली होती. म्हैस विकून तिथं जायचं, हा विचारच मला सोसेना.

नातीला फोन केला. ती कॉलेजात आहे, पळायच्या शर्यतीत भाग घेते. ती म्हणाली, "आजी, चालायची तुझ्या अंगाला सवयच झालीय. तू पळ." आणि तिनं तिचे जुने बूट पाठवून दिले. पुढं दोन बोटं कापूस भरला, बसले पायात. घड्याळ लावून पळायचं मला जमणार नव्हतं, म्हणून तिनं विजेचे खांब नेमून दिले. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. नऊवारीचा काही अडथळा झाला नाही. उलट ती पळण्यासाठीच काढली असावी असं मला वाटलं.

आठवडाभर मी झुंजुमुंजू असतानाच जाऊन यायचे, कुणाला दिसायचे नाही. एक दिवस मात्र म्हशीनं धार काढू देताना नखरे केले आणि मला निघायला उशीर झाला. ऊन वर आलं होतं. माघ सरत आलेला, डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं.

आता वणव्याची आमच्याकडची रीत सांगते. ज्याला धूर दिसला त्यानं पळायचं. तो पळताना दिसला, की बाकीच्यांनी वाटेत ओल्या डहाळ्या मोडून त्याच्या मागं पळायचं आणि आग झोडपून विझवायची. कुठं, काय, कसं, हे विचारत थांबायचं नाही. विचारेपर्यंत आंब्याची झाडं जातात.

मी दुसरा खांब पळत होते. मागं पावलं वाजली. वळून बघते तर जाऊबाई हातात डहाळी घेऊन पळत येतायत. त्यांच्या मागं शेजारचे भाऊजी, त्यांच्या मागं पाच-सहा बाया, एकीच्या कमरेवर कळशी. म्हटलं, बाई गं, वणवा लागला आणि मला पत्ताच नाही. मग मीही जोर केला. मी जोर केला म्हणून त्यांना वाटलं आग मोठी आहे, त्यांनीही केला. खांब मोजायचं भान राहिलं नाही. थेट वाडीबाहेर, डोंगरातल्या खिंडीत पोचलो.

खिंडीत काही नव्हतं. दोन शेळ्या होत्या.

"कुठं लागलाय, आक्का?" जाऊबाईंनी धापा टाकत विचारलं.

"मला काय ठावं? तुमी पळताय म्हनून म्या पळाले."

"आमी तुमच्या मागं पळतोय."

"मग तुमी पुढं कशापायी पळत हुता?" भाऊजी म्हणाले.

"साखर उतराया."

 कळशीवालीनं पाणी तिथंच करवंदीच्या बुडात ओतलं. भाऊजींनी हातातली डहाळी बघितली, शेळीपुढं टाकली आणि म्हणाले, "पळा वयनी, तुमचे पाय हायेत. पन आदी सांगत जावा."

तेव्हापासून मी दर घरापुढं सांगत पळायला लागले, "काय न्हाई, साखरंसाठी पळतीया." पहिल्या तीन घरांपर्यंत सांगता यायचं. चौथ्यापुढं श्वासच उरायचा नाही, आणि तिथले लोक डहाळी घेऊन बाहेर यायचेच. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं असतं. तू जास्त जोरात पळतेस."

हे आधी सांगितलं असतं तर. बोलायचं म्हटल्यावर मी कुठं मागं हटते? वेग कमी केला. इतका कमी केला, की एकदा जाऊबाई डोक्यावर हंडा घेऊन चालत माझ्या पुढं गेल्या. "आक्का, पळताय नव्हं?" म्हणाल्या. म्हटलं, "व्हय, तुमी व्हा पुढं." पण त्या वेगानं पळता पळता वैशाखापर्यंत मी न थांबता खिंड गाठायला लागले.

तीन महिने झाले तसा मुलगा गाडी घेऊन आला. आल्या आल्या त्यानं माझी पिशवी भरून डिकीत ठेवली, मगच मला तपासणीला नेलं. साखर उतरली होती, पण हवी तितकी नाही. डॉक्टर म्हणाले, चाललंय ते चालू ठेवा. मुलगा म्हणाला, "ऐकलंस ना? अजून जास्तच आहे. पुण्याला बागेत पळ."

मी म्हटलं, "उद्या सकाळी माज्यासंगं चल. खिंडीच्या आदी म्या थांबले, तर येते पुण्याला. म्हस पन ईक."

"नक्की?"

"नक्की."

सकाळी तो त्याचे महागाचे बूट घालून आला. सुरुवातीलाच असा सुटला, की मला वाटलं झालं, गेली माझी म्हैस.  पण मी माझी घरं घेत, माणसांशी बोलत निघाले. सहाव्या खांबापाशी तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला दिसला.

"काय झालं रं?"

त्याला बोलता येईना. मी थांबले नाही. थांबले असते, तर त्याच्याच गाडीत बसावं लागलं असतं. खिंडीतून परत आले तेव्हा तो रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता आणि जाऊबाई त्याला तांब्यानं पाणी देत होत्या.

घरी आल्यावर त्यानं डिकी उघडली आणि पिशवी काढून ओट्यावर ठेवली. म्हणाला, "दर महिन्याला साखर तपासून मला मोबाईलवर कळवायची."

म्हटलं, "तूबी तुजी कळव."

मी माझी कळवते. त्याची अजून आलेली नाही.