सिस्टरनं वाढलेलं ताट

आमच्या नाटकाची नायिका तालमी अर्ध्यावर असताना बदली होऊन पुण्याला गेली. तिच्या जागी दुसरी कोण आणायची यावर आमच्या हौशी मंडळात आठवडाभर नुसती चर्चा चालली होती. शेवटी रंगभूषा करणाऱ्या आमच्या मित्रानंच एक बाई सुचवल्या. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं होतं, आणि त्या वॉर्डाच्या त्या सीनियर नर्स होत्या. वय सत्तेचाळीस. मित्र म्हणाला, "बाप माझा कोणाचंच ऐकत नव्हता. सिस्टरनं नुसतं एकदा पाहिलं त्याच्याकडे, अन् त्यानं गपचूप गोळी घेतली."

एवढ्या भांडवलावर नायिकेची निवड होते का, असं मला वाटलं. मी तेव्हा वीस वर्षं नाटकात काम करत होतो. नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की तसाच, अंगावरच्या युनिफॉर्मसकट, एका शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जायचो. आवाज दमदार म्हणून मंडळात माझं नाव होतं आणि मलाही ते ठाऊक होतं.

सिस्टर पहिल्या दिवशी आल्या त्या ड्यूटी संपवून, खांद्यावर पर्स आणि हातात डब्याची पिशवी घेऊन. लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्या जशा कडेला बसतात तशा भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. सरांनी विचारलं, "याआधी कधी काम केलंय?"

"लहानपणी. आमच्या वस्तीत जयंतीला नाटकं व्हायची, त्यात मी असायची. मग नर्सिंगला गेली. त्यानंतर नाही."

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. मराठीचे निवृत्त शिक्षक. नाटकही त्यांनीच लिहिलेलं. गोष्ट साधी होती. एक नवरा भांडणातून घर सोडून जातो आणि बारा वर्षांनी, मुलीचा साखरपुडा ठरल्यावर परत येतो. पुन्हा नव्यानं संसार सुरू करू या, म्हणतो. शेवटच्या प्रवेशात बायको खिडकीशी पाठमोरी उभी राहून रडते, नवरा दीड पानाचं स्वगत म्हणतो, आणि ती वळून त्याच्या मिठीत येते. सरांनी वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातले दोघेतिघे रडले होते. ते दीड पान माझं होतं, त्यामुळे मला तर नाटक फारच आवडलं होतं.

सिस्टर चार दिवसांत संवाद पाठ करून आल्या. एकही शब्द चुकला नाही. पण त्या संवाद म्हणायच्या ते इतक्या हळू, इतक्या साध्या आवाजात, की सर दर दोन वाक्यांनी ओरडायचे, "सिस्टर, शेवटच्या रांगेपर्यंत!" त्या मान हलवायच्या आणि थोडा आवाज चढवायच्या. तालमीबाहेर त्या मला भाऊ म्हणत आणि तालमीत मी त्यांचा नवरा, याची सगळ्यांना गंमत वाटे. त्यांना मात्र त्यात काही वावगं वाटत नसावं. मी बोलत असताना त्या माझ्याकडे बघायच्या, ते पेशंटकडे बघावं तसं. हा कुठं दुखतंय म्हणतो आणि खरं कुठं दुखतंय, असं काहीतरी शोधल्यासारखं. वीस वर्षांत माझ्यासमोरच्या नटीनं माझं बोलणं असं ऐकलं नव्हतं. मला ते सुरुवातीला अडचणीचंच झालं.

शेवटचा प्रवेश बसवायला घेतला त्या दिवशी त्या खिडकीशी गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि काही न करता परत वळल्या.

"सर, ही बाई रडते काहून?"

"काहून म्हणजे? बारा वर्षांनी नवरा परत आलाय!"

"हो, पण आल्याबरोबर रडत नाही ना कोणी. रडायचं असते ते तो गेल्यावर. ते रडून झालं तिचं."

सर चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. हा प्रवेश त्यांचा फार लाडका होता. ते म्हणाले, "मग काय करेल ती? तुम्हीच सांगा."

सिस्टर आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "आमचे हे दीड वर्ष घर सोडून गेले होते, सर. रायपूरले. पोरं लहान होती. एक दिवस दुपारी दारात उभे. मी ड्यूटीवरून तेव्हाच आली होती. मी काय म्हटलं असंन? 'जेवले का?' एवढंच. ते नाही म्हणाले. मी ताट वाढलं. मग दोन महिने मी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही."

एवढं सांगून त्यांनी ओढणीनं मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "घ्यायचा का पुन्हा प्रवेश? मले घरी बेसाले जायचं आहे, ऑटो भेटत नाही मग."

सरांनी दोन दिवस काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी आले ते संहितेची नवी दोन पानं हातानं लिहूनच. खिडकी गेली होती, रडणंही गेलं होतं. त्या जागी नुसतं लिहिलं होतं, 'ती विचारते, जेवलात का? तो नाही म्हणतो. ती ताट वाढते.' सिस्टर वाचून म्हणाल्या, "जेवलात नाही सर, जेवले." सरांनी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली असली मराठी लाल पेनानं सुधारली होती. त्यांनी स्वतःच्या हातानं तो 'लात' खोडून 'ले' केला. माझं दीड पान मात्र तसंच होतं. ताट समोर आल्यावर नवरा ते स्वगत म्हणणार, असं ठरलं.

प्रयोग रविवारी दुपारी होता. हॉल पाऊण भरलेला. पहिला अंक नेहमीसारखा गेला. सिस्टरचा आवाज अजूनही बारीकच होता, पण मला विंगेतून एक गोष्ट दिसली. त्या बोलायला लागल्या की लोक खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. मुलीच्या साखरपुड्याची यादी करताना त्या एकदाच, 'वडलांचं नाव' म्हणून थांबल्या आणि पेन झटकलं, जणू शाई अडली होती. तालमीत असं काही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला.

मग शेवटचा प्रवेश. मी दारातून आत आलो. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मला पाहिलं. हातातली घडी पूर्ण केली, नीट दाबून बाकीच्यांवर ठेवली, आणि मग विचारलं, "जेवले का?"

मी नाही म्हणालो. त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. तालमीत हे ताट रिकामं असायचं. मी खाली पाहिलं तर ताटात दोन पोळ्या होत्या आणि वांग्याची भाजी. खरीखुरी. वाससुद्धा येत होता. त्या समोर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या नजरेत असं काही होतं की मी स्वगत सुरू करण्याऐवजी घास मोडला.

तोंडात घास असताना दमदार आवाज काढता येत नाही. मी चावत होतो. गिळला. आता बोलू म्हणून तोंड उघडलं तर त्यांनी सोबत आणलेल्या वाटीतून ताटात आणखी भाजी वाढली. मी दुसरा घास घेतला. बारा वर्षांनी घरी आलेला माणूस कसा जेवेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मान वर करायची हिंमत होईना. सगळा हॉल मला जेवताना पाहत होता असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. लोक त्यांच्याकडे बघत होते. मी चोरून पाहिलं. त्यांचा चेहरा आधी अगदी कोरडा होता. मग राग आला, स्पष्ट दिसेल असा, आणि ओठांवर येऊन थांबला. मग मला ठसका लागला, खराच, आणि त्यांचा हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे गेला. हात पुढं गेलेला त्यांनी स्वतःच पाहिला. त्या हाताची त्यांना चीड आली आणि थोडं हसूही आलं. पेला माझ्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, "राहा."

स्वगत झालंच नाही. सरांनी विंगेतून पडद्याची खूण केली. मला वाटलं, फसलं सगळं. पण टाळी आली ती थांबेचना.

आत आल्यावर मी त्यांना म्हणालो, "सिस्टर, भाजीचं सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही आणू दिली असती का, भाऊ? तुम्ही ते भाषण बहुत जोरात म्हणता."

मला राग यायला हवा होता. मी हसलो, आणि मग एकटाच कोपऱ्यात जाऊन बसलो. वीस वर्षं मी नाटकात नुसता बोलत होतो, हे मला भाजीच्या दोन घासांनी सांगितलं होतं.

लोक भेटायला येत होते. गर्दी ओसरल्यावर एक सडसडीत गृहस्थ माझ्याजवळ आले. चौकटीचा शर्ट, हातात हेल्मेट. म्हणाले, "मी सिस्टरचा मिस्टर." नाटकात मी त्यांचीच जागा घेतली होती, आणि ते त्यांना कळलं नसेल असं मुळीच नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तेव्हाही वांग्याचीच भाजी होती," ते म्हणाले. "मले वाटलं, विसरली असंन ते."

एवढ्यात सिस्टर तोंडावरची रंगभूषा पुसत बाहेर आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "चला, उद्या मले सकाळची ड्यूटी आहे." दोघं गाडीवर बसून गेले.

त्या नाटकाचे आम्ही पुढं आसपासच्या गावांत सहा प्रयोग केले. सिस्टरनं दर वेळी भाजी घरूनच आणली, आणि प्रत्येक वेळी तो प्रवेश थोडा निराळा झाला. एकदा तर 'राहा' म्हणायला त्यांनी इतका वेळ लावला की या आज मला घालवून देतात की काय, अशी मला खरोखर धास्ती वाटली. माझं दीड पान सरांनी तिसऱ्या प्रयोगानंतर संहितेतून काढून टाकलं. मला विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हणालो.

यंदा सरांनी नवं नाटक लिहायला घेतलंय. परवा त्यांनी सिस्टरना फोन केला. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. "सिस्टर, आईची फार सुंदर भूमिका आहे," सर म्हणाले.

पलीकडे वॉर्डातला गलका ऐकू येत होता. कोणाला तरी थांबायला सांगून सिस्टर म्हणाल्या, "आई मी घरी आहे, सर. नायिका असंन तर सांगा."

सरांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिलं पान फाडून पुन्हा लिहायला बसले.