खळ्यावर बसण्यासाठी घेतलेला गुडघा

"गुडघ्यात ट्यूबरक्युलोसिस आहे," नागपूरच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. ट्यूबरक्युलोसिस म्हणजे क्षय. तो छातीत होतो एवढेच मला ठाऊक होते. माझा उजव्या गुडघ्यात होता. गावात सगळे त्याला वात म्हणत आणि तेल चोळत. तुमचाही गुडघा सुजून गरम राहत असेल, तर तेलावर थांबू नका.

डॉक्टरांनी नमुन्याची हाडे हातात घेऊन सांधा समजावला. गुडघा ही नुसती बिजागरी नव्हे. मांडीचे हाड नडगीवर वाकते, तसे घसरतेही. मध्ये कुर्चेच्या दोन चकत्या भार वाटून घेतात. पाय पूर्ण सरळ होताना हाड किंचित वळते आणि सांधा आपोआप अडकतो. म्हणून आपण न थकता उभे राहतो.

क्षय मारील असे औषध नाही, म्हणाले, आणि दोन वाटा सांगितल्या. आर्थ्रोडेसिस, म्हणजे किडलेला सांधा काढून दोन्ही हाडे जोडून टाकणे. नाहीतर अँप्युटेशन, म्हणजे मांडीतून पाय कापणे.

"पहिले करू. पाय तुमचाच राहील. चालाल, उभे राहाल."

"बसेन का?"

"खुर्चीवर. पाय समोर सरळ."

मी मापारी आहे. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावकडच्या खळ्यांवर मळणीनंतर धान मोजून देणे हा माझा धंदा. मापारी राशीला लागून जमिनीवर बसतो आणि पायलीने माप टाकतो. राशीकडे पाय करणे आमच्यात चालत नाही. धान लक्ष्मी आहे. जोडलेला पाय थेट राशीत गेला असता.

"मग कापा," मी म्हणालो. "वाकणारा गुडघा बसवून घेईन."

डॉक्टर चिडले. "नुसत्या बसण्यासाठी पाय देता?"

"माझे घर त्या बसण्यावर चालते."

रोग हाडात उतरला आहे, जोडलेली हाडे धरतीलच असे नाही, हेही त्यांनी मग कबूल केले. बायको मात्र रडत होती. "कायले कापता जी? असातसा पाय तं राहील!"

"असा पाय राहिला तर मी घरीच राहीन," मी म्हटले.

क्लोरोफॉर्म हुंगवून पाय काढला. जखम भरायला फार वेळ लागला. नसलेल्या बोटांना खाज सुटायची. डॉक्टर म्हणाले, नसांना अजून बातमी पोचलेली नाही. तुम्हालाही असे झाले तर वेड लागले समजू नका.

नवा पाय लाकडाचा, मांडीला चामड्याचे म्यान, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि मध्ये बिजागरी. हा गुडघा आपोआप अडकत नाही. उभे राहताना खिट्टी लावायची, बसताना ओढायची. विसरलात की आपटता. मी आपटलो.

मळणीला मी गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, खळ्यावर गेलो. खळ्यावर पायताण चालत नाही. मालगुजाराचे काका, दाजी, आडवे आले.

"चामडं खळ्यात नाही येत. पाय काढून ठेव, मंग बस."

"काऊन? हा पाय आहे, जोडा नाही."

"चामडं ते चामडंच!"

नवा मापारी बोलवा, असे मागून कोणी म्हणाले. तिथून परतलो असतो तर दुसऱ्या कोणत्याच खळ्याने मला बोलावले नसते.

मी मळणीच्या पातीवर धान तुडवत फिरणारे बैल दाखवले. "दाजी, हे एवढं चामडं खळ्यात फिरून राहिलं, शेणही टाकून राहिलं. त्यांचं काढून ठेवलं का?"

गडी खो खो हसले. दाजी हसले नाहीत. "लय बोलतोस," म्हणाले, आणि बाजूला झाले. "बस. ऊन चढून राहिलं."

मी खिट्टी ओढली, पाय बाजूला दुमडला, पायली भरली आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता म्हणतात तसे मोठ्याने म्हटले, "लाभ!"

त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्यामुळे जगलो. पण इस्पितळात सगळे विचारतात, कसे चालाल? तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्ही दिवसभर कसे बसता, ते त्यांना आधी सांगा. कापायचे की जोडायचे, ते मग ठरू द्या.