शिळ्या सुरमईला गुदगुल्या

आमच्या चाळीच्या गॅलरीत दोन महिने एक सुरमई राहत होती आणि तिला गुदगुल्या व्हायच्या.

सुरमई मी केली होती. लोकांनी हात लावावा, दाबावं, ढकलावं आणि मग त्या वस्तूने काहीतरी गंमत करावी, अशा वस्तू बनवणं हा माझा व्यवसाय आहे. (बाबा नातेवाइकांना सांगतात, "ती इव्हेंटमध्ये असते." त्यांना त्यातलं काही कळत नाही आणि नातेवाइकांनाही कळत नाही, त्यामुळे विषय छान मिटतो.) याआधी मी बसल्यावर शिंकणारं बाकडं केलं होतं. त्याची चाचणी घ्यायला घरात पाहुणी आलेली आत्या सापडली. आत्याने त्यानंतर वर्षभर आमच्याकडे पाऊल ठेवलं नाही, आणि पुढच्या वर्षी आली तेव्हा उभ्यानेच चहा प्यायली.

तर सुरमई. परळला एका जुन्या गिरणीच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्यात. तिथल्या मॅडमना अंगणात ठेवायला 'मुंबईचं काहीतरी, पण खेळकर' हवं होतं. मी म्हटलं, मासा करते. पोटाला हात लावला की खदाखदा हसणारा. मॅडम म्हणाल्या, "शनिवार-रविवार ठेवून बघू. लोक खेळले तर कायमची इथेच राहील. नाही खेळले तर रविवारी संध्याकाळी तुम्ही ती परत घेऊन जायची."

परत, म्हणजे कुठे? आमच्या लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सुरमईचं फक्त डोकं मावत होतं. म्हणून तर ती गॅलरीत, कठड्याला लागून बांधली. बांबूच्या कामट्या, त्यावर फोम, त्यावर चंदेरी कापड. डोकं आमच्या दाराशी, शेपूट थेट तळेकरकाकांच्या दाराशी. गालावरचा कल्ला, म्हणजे ते झाकण, मी बिजागरीवर बसवलं होतं, कारण आत तिचा सगळा मेंदू होता: बॅटरी, स्पीकर, वायरी. पाणी जाऊ नये म्हणून आतून सायकलच्या काळ्या ट्यूबचं अस्तर. माझ्या मते फार हुशारीचं काम.

हसणं मात्र आईचं. आई चारचौघांत तोंडाला पदर लावून हसते, पण घरात हसायला लागली की तिला श्वास पुरत नाही आणि शेवटी "अगे बाये, मेलंय गो, मेलंय" (म्हणजे मालवणीत मेले गं, मेले) असं म्हणत ती भिंतीला टेकते. ते मी गुपचूप रेकॉर्ड केलं आणि सुरमईच्या घशात घातलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली, "तुका इतक्या शिकवला ता ह्याच्यासाठी?" दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बायकांना घेऊन आली आणि म्हणाली, "दाबून बघा. माझा आवाज हा."

अडचण अशी की आमच्या गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास आहेत. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सुरमईच्या पोटाला घासूनच जावं लागे. आणि घासलं की ती हसे. सकाळी तळेकरकाका बादली घेऊन गंभीर चेहऱ्याने निघाले, की मागून हास्याचा गडगडाट आणि "मेलंय गो, मेलंय!" काकांनी हे पंधरा दिवस सोसलं. मग एकदा बादली खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "वैशाली, माणूस अशा वेळी आधीच घाईत असतो. त्यात त्याला कोणी हसू नये."

पण खरा बळी बाबांचा गेला. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचं, हे बाबांचं निवृत्तीनंतरचं एकमेव काम. त्या खुर्चीच्या जागी आता सुरमईचा गळा होता. बाबा दोन महिने आत बसून आईच्या मालिका बघत होते. त्यांना सगळ्या सुनांची नावं पाठ झाली होती आणि त्याचा दोष ते मला देत होते. शुक्रवारी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी जर ही इसवण परत इली, तर ह्या घरात एकतर ती ऱ्हवात, नायतर मी. मी गावाक जातलंय." (आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात. आणि बाबा एकदा गावाला गेले, की आंबे संपेपर्यंत येत नाहीत.)

बाबा बोलतात ते करतात. आई त्यांच्या पाठोपाठ जाणार, हेही ठरलेलं. म्हणजे सोमवारपासून त्या खोलीत मी आणि सुरमईचं डोकं. 

शनिवारी सकाळी तिला खाली उतरवली. जिन्याच्या वळणावर ती अडकली आणि सहा माणसं तिच्या पोटाखाली हात घालून उभी राहिली. आता सहा माणसांनी पोटाला हात घातल्यावर काय होणार? हसत हसत, मरत मरत ती जिना उतरली. टेम्पोत डोकं आत आणि शेपूट बाहेर. सिग्नलला शेजारच्या रिकाम्या हातगाडीवाल्याने मान वर करून विचारलं, "केवढ्याला दिली?"

अंगणात ती फार सुंदर दिसली, खोटं कशाला बोलू. उन्हात खवले चमकत होते. पोटासमोर मी पाटी लावली: 'मला गुदगुल्या करा.' लोक आले. हातात कॉफी घेऊन उभे राहिले. पाटी वाचली, फोटो काढला आणि गेले. हात कोणी लावेना! जरा वेळाने कारण कळलं. सुरमईच्या मागे वॉचमन उभा होता आणि कोणी हात पुढे केला की शिट्टी वाजवत होता.

"भैया, हात लगाने के लिए ही है," मी म्हटलं.

"आर्ट है मॅडम. आर्ट को हात नहीं लगाने का."

"मैंनेच बनाया है."

"तो आप भी मत लगाओ."

मी मॅडमना फोन केला, मॅडमनी त्याला फोन केला. त्यानंतर तो माणूस पूर्ण पालटला. दिसेल त्याच्या अंगावर धावून जात "हात लगाइए! लगाइए!" असं ओरडायला लागला. लोक पलीकडच्या फाटकाने जायला लागले. संध्याकाळपर्यंत सुरमई एकदाच हसली, तीही तिच्यावर कावळा बसला तेव्हा.

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले. बाबांनी बॅग काढून पलंगावर ठेवली होती. आईने माझ्या पाठीवर थाप मारली. "कोण हात लावणत नाय तर मी घेऊन येतंय माणसा. उठ, जेव."

आणि आणली की! रविवारी सकाळी बाजार, मग स्वयंपाक, मग जेवण, आणि दुपारी आईचं अख्खं भजनी मंडळ ठेवणीतल्या साड्या नेसून परळच्या त्या काचेच्या अंगणात शिरलं. मला आईच्या पायाच पडावंसं वाटलं. आता गुदगुल्याच गुदगुल्या!

आई ऐटीत पुढे झाली. पाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोटाकडे पाहिलं नाही. सरळ डोक्याशी गेली, दोन बोटांनी कल्ला उचलला आणि आत डोकावली.

आतून काळी ट्यूब.

"शिळी आसा," आई म्हणाली.

"आई, ती खोटी आहे."

"खोटी असली म्हणान काय शिळी असाक व्हयी?"

 जन्मभर मासे खाल्ले, पण बाजारात पिशवी धरून उभी राहण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. चाळीस वर्षं मासे घेणाऱ्या बाईचा हात माशापाशी गेला की आधी कल्ल्याकडेच जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या मागे रांग लागली. प्रत्येक बाई कल्ला उचले, आत बघे, नाक मुरडे आणि बाजूला होई. मंडळातल्या सावंतकाकूंनी तर पोटावर अंगठा दाबला. (देवा, एकदाचं पोट!) सुरमई खदाखदा हसली. काकूंनी तिच्या हसण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या फोमकडे बघत होत्या.

"बघ, खड्डो पडलो. मऊ झालीहा."

स्वतःच्या शिळेपणावर इतकी खूश झालेली सुरमई मी जन्मात पाहिली नव्हती. मग कोणीतरी डोळा दाबून पाहिला. डोळा प्लास्टिकच्या चेंडूचा होता, तो टपकन आत गेला. "डोळेय आत गेले," असा निकाल लागला.

हे बघायला कचेरीतल्या मुली जमल्या. सावंतकाकूंनी त्यांची शिकवणीच घेतली. "हे असं उचलायचं. लाल दिसलं तर घ्यायचं. काळं दिसलं तर पुढे जायचं. कोळीण कितीही गोड बोलली तरी." कॉफीवाला एक मुलगा म्हणाला की तो शाकाहारी आहे, आणि त्याने तीन वेळा कल्ला उघडला. लहान मुलं तर ओळीने येऊन कल्ला उचलून "शिळी!" ओरडायची आणि पुन्हा ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहायची. वॉचमन शिट्टी वाजवून ओळ सरळ करत होता.

मी मध्येमध्ये ओरडत होते, "पोटाला! पोटाला हात लावा!" माझ्याकडे कोणी बघेना. एका बाईंनी मला विचारलंही, "तुम्ही कोण?"

आता ती बिजागरी मी दिवसातून एकदा उघडायला बसवली होती. तासाभरात ती दोनशे वेळा उघडली असेल. आत कुठलीतरी वायर सुटली आणि सुरमईचं हसणं अडकलं. अडकलं तेही नेमकं शेवटाला. कोणी हात लावो न लावो, ती सलग सुरू झाली: "मेलंय गो, मेलंय. मेलंय गो, मेलंय."

"मेलंस ता कळला," सावंतकाकू तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणाल्या, "कधी मेलंस ता सांग."

अंगणात माणसं जमिनीवर बसून हसायला लागली. आईचा पदर तोंडावरून कधीच सुटला होता. ती भिंतीला टेकून "मेलंय गो" म्हणत होती, समोर सुरमईही तेच म्हणत होती, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या. बरोबर कोट घातलेले एक वयस्कर साहेब.

एका डोळ्याची, मरणाची जाहिरात करणारी सुरमई. पाटीपाशी चिटपाखरू नाही. मला समोर बाबांची बॅग दिसायला लागली.

"हे नेमकं काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"बिघाड झालाय," मी म्हटलं. "आणि लोक चुकीच्या ठिकाणी हात लावतायत. मी टेम्पो बोलावते."

साहेबांनी कोट सावरला, मुलांच्या ओळीत आपला नंबर येईपर्यंत उभे राहिले, मग वाकून दोन बोटांनी अगदी सराईतपणे कल्ला उचलला.

"काळी आहे," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "राहू दे हिला इथेच. फक्त आतून लाल करून घ्या."

मला रडू आलं. खोटं नाही सांगत, त्या शिळ्या सुरमईच्या गळ्यात पडून मी रडले. तिने मला ती मेल्याचं सांगितलं.

घरी गेले तर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेच होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "परत येवची नाय मां?" नाही म्हटल्यावर त्यांनी पाय कठड्यावर टाकले. बॅग मी आत नेऊन ठेवली.

दोन दिवसांनी मी जाऊन डोळा बसवला, वायर जोडली, ट्यूब काढली आणि आतून झकास लाल रंग दिला. पोटाची पाटीही काढून टाकली. तेव्हापासून आईचा रविवार सुरमईचा झाला. सकाळीच ती मंडळ घेऊन परळला जाते आणि लोकांना मासे पारखायला शिकवते. मग घरच्या माशांचं काय? पहिल्याच रविवारी बाबा खुर्चीतून म्हणाले, "तूच जा. आता तू माशातली."

मी गेले. ताठ मानेने पहिल्याच कोळणीच्या टोपलीपाशी थांबले, सुरमईचा कल्ला दोन बोटांनी उचलला. आत लालभडक! शेजारी एक नवी नवरी बिचारी गोंधळून उभी होती, तिलाही मी समजावून सांगितलं, लाल दिसलं की घ्यायचं. ऐटीत मासा घेऊन घरी आले.

दुपारी आई परळहून आली. पिशवीतून सुरमई काढली, कल्ला उचलला, आत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोट लाल झालं होतं.

"रंग लावलेलो हा," आई म्हणाली. "तुझ्याच धंद्यातली कोणतरी गावली तुका."