अंगणातल्या स्वयंपाकघरातला फ्रीज

कुवेतमध्ये थंडी पडते हे गावाकडे कुणाला खरं वाटत नसे. सुट्टीवर आलो की लोक उन्हाळ्याबद्दलच विचारायचे. पण जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की बनेद अल-गारच्या समुद्राकडच्या गल्ल्यांत सकाळी कान बधिर होत. आभाळ भरलेलं असेल तर दुपारीही अंगणातली फरशी पायाला लागेल अशी गार. तिथल्या घरांना मागे, अंगणात, वेगळं स्वयंपाकघर असतं. मासळी आणि मोठ्या पातेल्यांचा स्वयंपाक तिथे होतो. त्या खोलीला ना हीटर, ना नीट दार.

मी नव्वदच्या दशकात, युद्ध संपून दोनेक वर्षं झाल्यावर, हवल्लीतल्या एका दुकानाच्या सर्व्हिस विभागात सुपरवायझर म्हणून लागलो. युरोपातली महागडी यंत्रं आम्ही विकायचो आणि दुरुस्त करायचो: फ्रीज, भांडी धुण्याची यंत्रं, भिंतीत बसवायच्या भट्ट्या. नाशिकहून डिप्लोमा करून आलेला मी. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो आणि त्याचा मला अभिमान होता.

माझ्या हाताखाली मालवणकडचे एक मेकॅनिक होते. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. ते मराठी चौथीपर्यंत शिकलेले होते. इंग्रजी येत नसल्याने त्यांची जॉब कार्डं मीच भरायचो, ते खाली देवनागरीत सही करत. पुस्तिका उघडून बसलेला मी दिसलो की म्हणत, "वाचा, सायबानू. तवसर मी फ्रीज उघडतंय." आणि माझं पान उलटेपर्यंत बिघाड त्यांच्या हातात आलेला असे. हसण्यासारखं होतं, मी हसतही असे. पण आतून ते मला लागायचं. पुढे जे घडलं त्यात या लागण्याचा वाटा होता, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

बनेद अल-गारमधल्या एका घरातून डिसेंबरात तक्रार आली. अंगणातल्या स्वयंपाकघरातला मोठा फ्रीज खाली थंड, पण वरच्या फ्रीझरमधलं सगळं मऊ पडतंय. मेस्त्री गेले, दुरुस्त करून आले. काय केलं विचारल्यावर चहा पिता पिता म्हणाले, "थंडीत तो निजता. म्हणान आत दिवो लावन ठेवलंय." टेबलाभोवतीचे सगळे हसले, मीही हसलो. कार्डावर 'तपासले, ठीक' असं लिहिलं आणि त्यांच्यापुढे सहीला सरकवलं.

जानेवारीत मी त्या भागात पाहणीला गेलो होतो. अशा भेटींचं कार्ड भरायची पद्धत नव्हती, माझ्या डायरीत एक ओळ लिहिली की झालं. त्या घरात गेलो, फ्रीज उघडला आणि पाहिलं तर आत खालच्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा पंधरा वॅटचा दिवा खरोखरच जोडलेला. दार बंद केलं तरी तो जळत राहील अशी जोडणी. इतक्या किमतीच्या यंत्राच्या पोटात अशी वायर. मला ओशाळल्यासारखं झालं आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. अखेर मेस्त्रींची चूक सापडली होती. मी दिवा काढला, वायरची टोकं टेपने नीट गुंडाळली आणि घरच्या मुलाला इंग्रजीत सांगितलं की आमच्या माणसाने चुकीचं काही बसवलं होतं, ते मी दुरुस्त केलं आहे. त्याने आभार मानले.

नंतर मला उमगलं ते असं: तो फ्रीज बर्फाच्या देशात बनलेला होता, पण तिथे तो ऊब असलेल्या घरात राहतो. खालच्या कप्प्यातला थर्मोस्टॅट थंडावा मोजतो आणि त्यावर पूर्ण यंत्र चालतं. खोलीच गार पडली की खालचा कप्पा आपोआप गार राहतो, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि वरचा बर्फ वितळतो. त्या दिव्याची जराशी ऊब यंत्राला जागं ठेवत होती. पुस्तिकेत खोलीचं तापमान कितीपासून कितीपर्यंत चालेल ते लिहिलेलं होतं. मी वरचा आकडा पाठ केला होता. कुवेतमध्ये आम्ही सगळेच वरचा आकडा बघायचो. खालचा आकडा त्याच ओळीत होता.

त्यानंतर आठवडाभर आभाळ निवळलं नाही. शुक्रवारी त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी फ्रीझर उघडला. आत फगा होता. पावसाळी हिवाळ्यानंतर तिथल्या वाळवंटात जमिनीखाली बटाट्यासारखी येणारी अळंबी. हा फगा त्यांच्या नवऱ्याने स्वतः जाऊन, काठीने जमीन उकरून आणला होता. नवरा वारला त्याच्या आधीच्या हंगामातला. बाई दर शुक्रवारी त्यातला थोडा शिजवत. तो सगळा पाण्यात बसला होता.

शनिवारी सकाळी मी आणि मेस्त्री दोघेही गेलो. बाई दारात नुसत्या उभ्या होत्या. मुलगा मात्र खूप बोलला. मेस्त्रींनी फ्रीज उघडला, कोपऱ्यात हात घातला आणि थांबले. टेपचं शेवटचं टोक आत दुमडून दाबायची माझी सवय आहे, विभागात दुसरं कुणी तसं करत नसे. त्यांनी ती टेप उलगडली, खिशातून नवा दिवा काढून जोडला आणि दार लावलं.

परत येताना आम्ही गाडीत बसलो. मेस्त्री म्हणाले, "सायबानू, तुमी टेप बरी गुंडाळतास."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. गाडीत आम्ही दोघंच होतो. मी सिग्नलकडे बघत राहिलो.

त्यांच्या कराराची मुदत महिन्याभरात संपत होती. त्यांची मुलगी नर्सिंगला होती आणि तिचं शिक्षण पुरं व्हायला दोन वर्षं होती, म्हणून त्यांना आणखी दोन वर्षं राहायचं होतं. नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला होता. तो माझ्या खणात पडून होता. त्याच शनिवारी दुपारी मॅनेजरने मला बोलावलं. घर मोठं होतं, तक्रार थेट मालकापर्यंत गेली होती. तक्रारीआधी त्या फ्रीजला शेवटचा हात कुणाचा लागला, एवढंच त्याने विचारलं.

मी म्हणालो, "कार्डावर शेवटची सही मेस्त्रींची आहे."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

मेस्त्रींना आत बोलावलं. ही सही तुझी का, असं मॅनेजरने विचारलं. तो प्रश्न मीच त्यांना मराठीत सांगितला. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि होय अशी मान हलवली. अर्ज पुढे गेला नाही. तिसऱ्या आठवड्यात ते गावी गेले. जाण्याआधी मी त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र लिहून दिलं. दोन पानी, उत्तम इंग्रजीत. ते त्यांना वाचता येणार नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यापूर्वी मी एक सूचनापत्र काढलं: गार खोलीतल्या फ्रीजमध्ये छोटा दिवा कसा जोडावा, आकृतीसह. खाली माझं नाव. मालकाला ते फार आवडलं. दोन हजार सालानंतर मी नाशिकला परतलो तेव्हा निरोपाच्या भाषणात त्याचा उल्लेख झाला. मी हात जोडून उभा होतो.

मेस्त्री वारल्याचं मला फोनवर कळलं, कुवेतमध्ये त्यांच्या खोलीत राहिलेल्या एकाकडून. दीड महिन्याने मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि लगेच विचारलं, जणू इतकी वर्षं कुणीतरी येण्याची वाट पाहत होत्या.

"लोक म्हणतत, चोरी केल्यानी म्हणान धाडल्यानी. दीरपण तसाच म्हणतत. ह्येनी माका कधी काय सांगूक नाय. खरा काय ता सांगा."

मी सांगितलं. दिवा, टेप, कार्ड, मी उच्चारलेलं वाक्य. सूचनापत्राचंही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्येंका म्हायत होता?"

"होतं," मी म्हणालो.

त्या उठल्या. मला वाटलं आत जातील. पण त्या पायरी उतरून अंगणात गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "भायर येवा. दिरांका सांगा."

दीर कुंपणापाशी शेजाऱ्यांशी बोलत उभे होते. तिघे-चौघे होते. मी जाऊन नमस्कार केला आणि सुरुवात केली की कंपनीत एक गैरसमज झाला होता, आणि त्या काळी तिथल्या पद्धती अशा होत्या की...

"तसा नको," मागून त्या म्हणाल्या. "माका सांगलास तसा सांगा."

मी थांबलो. मग पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी 'मी' पासून.