रस्त्याकडचा वाटा

अख्खा देश लॉकडाऊनच्या नावाने बोटं मोडत होता, आणि आमची शेजारीण उल्का रोज देवापुढे हात जोडून म्हणत होती, "आणखी थोडे दिवस राहू दे हे असंच." माणसं मरतायत आणि हिला हे सुचतंय, म्हणून मी तिच्याशी भांडलेही. पण तिचं दुखणं मला ठाऊक होतं. त्या दुखण्याचं नाव वैदेही, तिची थोरली जाऊ.

वाटण्या झाल्या तेव्हा दोन घरं होती. एक रत्नागिरीला जाणाऱ्या हायवेला लागून, दुसरं आत, कलमांच्या बागेपलीकडे. वैदेहीला रस्त्याकडचं घर हवंय, अशी कुणकुण लागली मात्र, उल्काने हट्टाने तेच मागून घेतलं. तिच्या नवऱ्याने, सलिलने, तिथे कोकम सरबताचं दुकान टाकलं. मग रस्ता रुंद व्हायला लागला. डोंगर फोडले, चिऱ्यांचे ट्रक सुरू झाले आणि दुकानातल्या बाटल्यांपासून देव्हाऱ्यातल्या देवांपर्यंत सगळ्यांवर तांबडी धूळ बसली. ती धूळ राहीच्या छातीतही गेली. राही ही उल्काची एकुलती एक लेक. दम्याने पोरीचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हिला या घरातून हलवा. हलवणार कुठे? वैदेहीकडेच.

तिकडे राही सुधारली आणि इकडे उल्का जळायला लागली. वैदेहीने घातलेल्या वेण्या किती घट्ट आणि सरळ आहेत, एवढ्यावरूनसुद्धा तिचा दिवस नासायचा. "माझ्या पोरीला माझ्या घरातली हवा चालत नाही मेली, तिची चालते," असं ती म्हणायची. जणू जावेने चांगली हवा कुलपात घालून ठेवली होती!

लॉकडाऊन लागला आणि ट्रक थांबले. काही दिवसांनी उल्का खिडकीच्या गजावरून बोट फिरवून माझ्याकडे धावत आली. बोट स्वच्छ होतं. तिने नळी लावून दारातल्या फणसाचं पान न् पान धुतलं आणि बागेतल्या वाटेने जाऊन राहीला घेऊन आली. वैदेहीने अडवलं नाही. "दम्याचा पंप पिशवीत ठेवलाय हं," एवढंच म्हणाली.

काय ते दिवस! राही दारासमोर सायकल चालवायची आणि उल्का पायरीवर बसून तिच्या श्वासाला कान लावायची. श्वास अगदी मोकळा होता. तरी मत्सर काही सुटेना. "मोठी आई आमटीत चिंच नाही, आमसूल घालते," असं पोर सहज म्हणालं की हिचा चेहरा आंबट. एकदा वैदेही घावनांचा डबा घेऊन आली, तर ही फाटकातूनच म्हणाली, "अंतर ठेवायला सांगितलंय ना, वहिनी? आणि राही झोपल्ये." राही आत पत्ते खेळत होती. वैदेहीने डबा कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि ती परत गेली.

"शोभतं का हे तुला?" मी विचारलं.

"माझीच आहे ती. चोरून आणल्ये का मी?"

मग निर्बंध उठले आणि ट्रक धावायला लागले. उल्काने खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, अंगण दिवसातून तीनतीनदा शिंपलं. राही खोकली नाही. "बघितलंस? एकदा तरी खोकली का?" उल्का मला टेचात सांगायची. "उगाच वहिनीचं कौतुक लावलं होतं सगळ्यांनी."

एका दुपारी ती न्हाणीत गेली, तर आत नळ सोडलेला आणि राही कोपऱ्यात बसून तोंडात टॉवेल कोंबून खोकत होती. डोळे लाल, खांदे उडतायत, आवाज मात्र नाही. आईला बघताच टॉवेल काढून म्हणाली, "आई, मला खोकला नाही झालेला. मला नको ना पाठवूस."

हे ऐकायला उल्का तीन वर्षं तडफडली होती. ऐकायला मिळालं तेव्हा तिला मुलीला ठेवून घेता येत नव्हतं. तिने राहीला पंप दिला, श्वास नीट होईपर्यंत पाठ चोळली, पिशवी भरली आणि मला हाक मारली. राहीने तो टॉवेल काही हातातून सोडला नाही.

आम्ही बागेतून पोचलो तेव्हा वैदेही ओटीवर होती. उल्का म्हणाली, "वहिनी, ही खोकला लपवत्ये. तोंड दाबून खोकत्ये. जरा कान ठेवा."

"माझ्याकडे कधी लपवलान नाही गं तिने," वैदेही सहज बोलून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं: इथे राहता यावं म्हणून पोरीला कधी काही लपवावंसं वाटलंच नव्हतं. राहीच्या डोक्यावरचा तिचा हात थांबला आणि चेहरा उतरला. तो चेहरा मी तीन वर्षं उल्काचा पाहिला होता, म्हणून मला लगेच ओळखू आला. उल्कालाही आला.

एरवी तिने साखर वाटली असती. त्या दिवशी तिने राहीच्या हातातला टॉवेल तेवढा काढून घेतला आणि तो उराशी धरून ती घरी आली.